दुसऱ्याच जहाजाचं नाव: फ्रीडरिशच्या ‘बर्फाचा समुद्र’चं प्रकरण

हॅम्बर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात 96.7 सेंटिमीटर उंच आणि 126.9 सेंटिमीटर रुंद असं एक तैलचित्र आहे. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून टोकदार ढीग झालाय आणि उजवीकडे, त्या ढिगाच्या आडून, कलंडलेल्या जहाजाची मागची बाजू दिसते. माणूस एकही नाही. चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिश, काळ 1823-24. संग्रहालय त्याला ‘डास आइसमेअर’ म्हणतं, म्हणजे बर्फाचा समुद्र. पण शोधायला गेलं की हेच चित्र जर्मनमध्ये ‘डी गेशायटर्ट होफनुंग’ आणि इंग्रजीत ‘द रेक ऑफ होप’ या नावांनीही समोर येतं. दोन्हींचा अर्थ एकच: फुटलेली आशा.

हे दुसरं नाव या चित्राचं नाही. ते एका हरवलेल्या चित्राचं आहे. त्या एका नावामुळे लोक हे चित्र चुकीचं वाचत आले, आणि ती चूक कशी झाली, कशावरून पकडता येते, हे तपासण्यासारखं आहे.

दोन चित्रं

ड्रेस्डेनमध्ये योहान गॉटलोब फॉन क्वांट नावाचा एक श्रीमंत कलासंग्राहक होता. त्याला जोडीने लावायला दोन निसर्गचित्रं हवी होती. दक्षिणेचा हिरवा, उबदार निसर्ग रंगवायला त्याने योहान मार्टिन फॉन रोडेनला सांगितलं आणि उत्तरेचा भयाण निसर्ग फ्रीडरिशला. फ्रीडरिशने रंगवलं ते चित्र 1822 मध्ये तयार झालं. नाव लांबलचक: ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर वोनेमोंडमध्ये फुटलेलं जहाज. ‘वोनेमोंड’ हा मे महिन्यासाठीचा जुना जर्मन शब्द, शब्दशः आनंदाचा महिना. उत्तरेत वसंत आला तरी जहाज वाचत नाही, असा तो टोमणा. त्या काळच्या वर्णनांप्रमाणे या जहाजावर ‘होफनुंग’ असं नाव लिहिलेलं होतं. होफनुंग म्हणजे आशा.

हे चित्र आज कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

दुसरं चित्र, म्हणजे आज हॅम्बर्गला आहे ते, 1824 मध्ये प्रागच्या कला अकादमीच्या प्रदर्शनात गेलं. तिथल्या यादीतलं नाव मराठीत असं होईल: ‘आर्क्टिक समुद्राचं एक आदर्श दृश्य, रचून आलेल्या बर्फाच्या राशींवर फुटलेलं जहाज’. यात ग्रीनलंड नाही, मे महिना नाही, आशाही नाही.

चित्रकार एकच, गाव एकच, विषय जवळपास एकच, मध्ये फार तर दोन वर्षांचं अंतर. पहिलं चित्र डोळ्यांआड झालं आणि दुसरं पुढे मोठ्या संग्रहालयात टांगलं गेलं. जुन्या कागदांत ‘होफनुंग’ वाचणाऱ्याला समोर एकच बर्फात रुतलेलं जहाज दिसत होतं, म्हणून त्याने नाव त्यालाच चिकटवलं. इथे ‘ध’चा ‘मा’ कुणी मुद्दाम केला नाही. दोन नोंदी होत्या आणि चित्र एकच उरलं, एवढंच कारण. अशा घोटाळ्यांत बहुतेक वेळा हेच घडतं, आणि एकदा नाव पुस्तकांत छापून आलं की ते काढणं चिकट डिंक खरवडण्याइतकं कटकटीचं असतं. 1973 मध्ये हेल्मुट ब्योर्श-झुपान आणि कार्ल विल्हेल्म येनिश यांची फ्रीडरिशच्या चित्रांची सविस्तर सूची आली. तिच्यात दोन्ही चित्रांच्या नोंदी वेगळ्या आहेत. तरी पोस्टर आणि वॉलपेपरवर ‘फुटलेली आशा’ अजून टिकून आहे.

जहाज कुणाचं?

नावाचा प्रश्न सुटला तरी लोक जहाजाला नाव दिल्याशिवाय राहत नाहीत. सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव ‘ग्रायपर’. त्यामागे कारण आहे. 1819 च्या मे महिन्यात विल्यम एडवर्ड पॅरी ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ ही दोन ब्रिटिश जहाजं घेऊन वायव्य मार्ग, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारा समुद्रमार्ग, शोधायला निघाला. हेक्ला 375 टनांचं, ग्रायपर 180 टनांचं. 4 सप्टेंबर 1819 ला त्यांनी 110 अंश पश्चिम रेखावृत्त ओलांडलं आणि त्यासाठी संसदेने ठेवलेलं 5000 पौंडांचं बक्षीस मिळवलं. मग मेल्व्हिल बेटाजवळ बर्फात अडकून दहा महिने काढले आणि 1820 मध्ये दोन्ही जहाजं परत आली. मोहिमेचा वृत्तांत युरोपभर वाचला गेला. फ्रीडरिशपर्यंत तो पोचला असणं अगदी शक्य आहे.

पण मुद्दा पुढेच आहे: ग्रायपर फुटलं नाही. दहा महिने अडकून ते धडपणे घरी आलं. तेव्हा हे चित्र त्या मोहिमेचा वृत्तांत असूच शकत नाही. पॅरीच्या वर्णनातून बर्फात अडकलेल्या जहाजाची कल्पना मिळाली असेल, पण शेवट फ्रीडरिशचा स्वतःचा आहे. प्रागच्या यादीतला ‘आदर्श’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. ‘आदर्श दृश्य’ म्हणजे रचलेलं, मनात जुळवलेलं दृश्य, घडलेल्या प्रसंगाची नोंद नव्हे. चित्रकारानेच पाटीवर लिहून ठेवलेलं असताना आपण जहाजाची नोंदणी शोधत बसतो.

शेजारी फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिकोचं ‘मेदुसाचा तराफा’ ठेवून पाहावं. मेदुसा हे फ्रेंच जहाज जुलै 1816 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रुतलं. जेरिकोने वाचलेल्यांशी बोलून, प्रेतांचे अभ्यास करून 1819 मध्ये चित्र प्रदर्शित केलं. ते 491 सेंटिमीटर उंच आणि 716 सेंटिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ काढलं तर फ्रीडरिशच्या चित्राच्या जवळपास 29 पट. तिथे माणसांचा ढीग, इथे बर्फाचा. जेरिकोला प्रसंग सांगायचा होता. फ्रीडरिशला प्रसंग संपल्यावर काय उरतं ते दाखवायचं होतं, आणि त्याला मीटरभर कॅनव्हास पुरला.

बर्फ कुठून आला?

फ्रीडरिश आर्क्टिकला कधी गेला नाही. जन्म 1774 चा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा. शिक्षण कोपनहेगनला, आणि 1798 पासून मुक्काम ड्रेस्डेनला. ध्रुवाकडचा बर्फ त्याने कुठे पाहिला, असं अनेक जण विचारतात. काखेत कळसा नि गावाला वळसा. बर्फ त्याच्या घरासमोर होता. तो एल्ब नदीकाठी राहायचा, आणि 1820-21 च्या हिवाळ्यात एल्बवर गोठलेल्या लाद्या फुटून एकमेकींवर चढल्या होत्या. त्या लाद्यांचे त्याने केलेले तीन छोटे तैल अभ्यास हॅम्बर्गच्याच संग्रहालयात आहेत.

हे अभ्यास त्याच्या बाबतीत वेगळे पडतात. फ्रीडरिश सहसा बाहेर पेन्सिलने रेखाटन करायचा, त्यावर तारीख घालायचा आणि रंगकाम स्टुडिओत करायचा. बाहेर बसून तैलरंगात टिपण करणं ही त्याची सवय नव्हती. नॉर्वेचा चित्रकार योहान क्रिस्टियान डाल 1818 मध्ये ड्रेस्डेनला आला. त्याची मात्र ती सवय होती, आणि फ्रीडरिशने ही पद्धत त्याच्याकडून उचलली असं मानायला जागा आहे. 1823 मध्ये डाल तो राहायचा त्याच इमारतीत राहायला आला. या डालचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

बर्फ नदीचा आहे हे कागदपत्रांशिवायही, नुसतं चित्र पाहून ओळखता येतं. पुढच्या भागातल्या लाद्या पाहा. त्या पांढऱ्या नाहीत. पिवळट, तपकिरी, मळकट आहेत, जणू चिखलाच्या पाण्याच्या. नदी गोठते तेव्हा गाळ बर्फात अडकतो आणि बर्फाला तोच रंग येतो. आर्क्टिकमध्ये उथळ किनाऱ्यांजवळ गाळाचा बर्फ असतो, नाही असं नाही, पण इथल्या लाद्यांच्या कडाही काही सांगतात. त्या धारदार आहेत, काच फुटल्यासारख्या. गोड्या पाण्याचा बर्फ असा फुटतो. समुद्राचं पाणी साधारण उणे 1.8 अंश सेल्सिअसला गोठतं आणि गोठताना बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक पिशव्या अडकतात. त्यामुळे नवा समुद्री बर्फ काहीसा लवचिक, मऊ असतो आणि त्याच्या कडा भुगा झाल्यासारख्या तुटतात. मासळी बाजारात टोच्याने बर्फाची लादी फोडताना ज्याने पाहिलंय त्याला चित्रातल्या कडा लगेच ओळखीच्या वाटतील.

आता उंची. समुद्रावर दोन हिमपट्टे एकमेकांवर रेटले जातात तेव्हा बर्फाची वरंबी तयार होते. ती म्हणजे वेड्यावाकड्या ठोकळ्यांचा उतरता ढिगारा असतो, उताराचा कोन बहुधा 25-30 अंशांच्या आसपास. शिवाय बर्फ तरंगतो तेव्हा नऊ दशांशाच्या आसपास पाण्याखाली असतो. वरंब्यांच्या बाबतीत पाण्याखालचा भाग वरच्यापेक्षा सुमारे चौपट खोल जातो. चित्रातला ढीग जहाजापेक्षा कितीतरी उंच उठलाय आणि त्याच्या लाद्या आकाशात तिरक्या उभ्या आहेत, फरशा भिंतीला टेकवून ठेवाव्यात तशा. एवढी उंची आणि एवढा उभा कोन समुद्राच्या वरंबीत टिकणं अवघड. नदीकाठी किंवा पुलाच्या खांबांशी मात्र पातळ लाद्या अशा उभ्या रचल्या जातात, कारण खाली आधाराला तळ असतो.

म्हणजे फ्रीडरिशने काय केलं? एल्बवरच्या हातभर जाडीच्या लाद्या घेतल्या, त्या पर्वताएवढ्या वाढवल्या आणि मापासाठी शेजारी एक छोटं जहाज ठेवलं. चित्रातली सगळी भीती या मापाच्या खेळातून येते. जहाज हाताने झाकून पाहा: ढीग लगेच घरासमोरच्या नदीतला होतो. हात बाजूला केला की पुन्हा पर्वत.

रचना जवळून

ढिगाचं टोक डावीकडे वर झुकलंय. त्याच दिशेला, लांब मागे, निळसर धुक्यात तसाच आणखी एक सुळका दिसतो. एक ढीग असता तर तो अपघात वाटला असता. मागे दुसरा दिसल्यामुळे हे इथे नेहमीचंच आहे असं कळतं. ही बारीक गोष्ट छापील प्रतींमध्ये हमखास हरवते, कारण मागचा सुळका आकाशाच्या रंगात मिसळतो.

पुढच्या लाद्या पायऱ्यांसारख्या चढत जातात आणि नजरेला आत ओढतात, पण त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नाही. प्रत्येक लादी वेगळ्या कोनात. मध्ये तुटक्या लाकडांचे तुकडे. जहाजाच्या कुशीच्या फळ्या आणि मोडकी डोलकाठी इतक्या बारकाईने रंगवल्यात की ब्रशचा फटकारा दिसत नाही. फ्रीडरिशची हीच पद्धत: खाली काटेकोर रेखाटन आणि त्यावर पातळ, झिरझिरीत रंगाचे थर. त्याचा चित्रकार मित्र गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंगने त्याच्या स्टुडिओची चित्रं काढली आहेत. त्यांतल्या उघड्याबोडक्या भिंतीवर पट्टी आणि गुण्या लटकलेले दिसतात. बर्फाच्या सरळ कडा पाहताना ती पट्टी आठवते.

जहाज नेमकं कुठल्या क्षणाला आहे हेही नीट पाहण्यासारखं. लाकडी जहाज बर्फात चिमटलं की पहिल्यांदा फळ्या वाकतात आणि जहाज कलतं. पण बर्फाचा दाब असेतो ते त्याच चिमट्यात लटकून राहतं. बुडतं ते दाब सुटल्यावर. अंटार्क्टिक मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनचं जहाज ‘एंड्युरन्स’ 27 ऑक्टोबर 1915 ला सोडून द्यावं लागलं, पण बुडालं 21 नोव्हेंबरला. ‘फ्राम’ या नॉर्वेजियन जहाजाचा तळ मुद्दाम गोलसर केला होता, म्हणजे बर्फ दाबला की जहाज वर उचललं जाईल. 1893 ते 1896 या काळात ते त्यामुळेच वाचलं. फ्रीडरिशच्या चित्रात जहाज मोडलंय पण अजून गिळलं गेलेलं नाही. या अवस्थेचं भान त्याला कुठून आलं असेल ते असो, ती अचूक आहे.

विकलं का गेलं नाही?

चित्र प्रागनंतर जर्मन शहरांतल्या प्रदर्शनांतही फिरलं, पण फ्रीडरिश 7 मे 1840 ला वारला तेव्हा ते त्याच्याकडेच होतं. 1824 हे त्याच्यासाठी तसं कडू वर्ष. ड्रेस्डेन अकादमीत निसर्गचित्रणाचा वर्ग रिकामा झाला, पण तो त्याला मिळाला नाही. नुसती प्राध्यापकपदवी मिळाली. एकूण रुची निसर्गाच्या हुबेहूब, गोड चित्रणाकडे वळली होती. 1835 मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि नंतर मोठी तैलचित्रं जवळपास बंदच झाली.

हे थंड चित्र म्हणजे 1819 च्या कार्ल्सबाडच्या दडपशाही आदेशांनंतर गोठलेल्या जर्मनीचं रूपक, असा एक अर्थ लावला जातो. तो चुकीचा ठरवता येत नाही, सिद्धही करता येत नाही. दुसरा अर्थ घरचा: 1787 मध्ये त्याचा भाऊ बर्फाखाली बुडून मेला, फ्रीडरिश तेव्हा 13 वर्षांचा. ही गोष्ट खरी आहे आणि चरित्रात असायलाच हवी. पण ती चित्राच्या खाली मथळा म्हणून लावली की चित्र बघणं तिथेच थांबतं. ‘फुटलेली आशा’ हे नावसुद्धा तेच करतं. प्रेक्षक बर्फ पाहायच्या आधीच रडायला लागतो.

विरोधाभास असा की हे चित्र मावळलं नाही ते शेजाऱ्यामुळे. 1843 मध्ये डालने ते फ्रीडरिशच्या मागे राहिलेल्या चित्रांतून घेतलं आणि डाल घराण्याकडे ते साठ-एक वर्षं राहिलं. 1905 मध्ये हॅम्बर्गच्या कुन्स्टहालेचे संचालक आल्फ्रेड लिश्टवार्क यांनी ते संग्रहालयासाठी विकत घेतलं. पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, बर्लिनच्या मोठ्या शतक-प्रदर्शनाने, म्हणजे शंभर वर्षांच्या जर्मन कलेच्या प्रदर्शनाने, विस्मरणात गेलेल्या फ्रीडरिशला परत आणलं. लिश्टवार्क यांनी ते वर्षभर आधी ओळखलं होतं. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं: 6 जून 1931 ला म्युनिकचा ग्लासपालास्ट हा काचेचा प्रदर्शन-महाल जळाला तेव्हा फ्रीडरिशची नऊ चित्रं त्यात गेली.

त्यानंतर या चित्राने अनेकांना धरलं. ब्रिटिश चित्रकार पॉल नॅशने 1940-41 मध्ये पाडलेल्या जर्मन विमानांच्या भंगाराचा समुद्र रंगवला आणि त्याला जर्मन नाव दिलं, ‘टोटेस मेअर’, म्हणजे मृत समुद्र. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर 1972 मध्ये मुद्दाम ग्रीनलंडला गेला, जिथे फ्रीडरिश कधी गेला नव्हता.

प्रत तपासताना

इंटरनेटवरची प्रत वापरायची असेल तर आधी रुंदीला उंचीने भागा. उत्तर 1.31 च्या जवळ यायला हवं. 1.5 किंवा 1.78 आलं तर कुणीतरी स्क्रीनसाठी वर-खाली कापलंय, आणि कापताना बहुतेक वेळा आकाश जातं. जहाज उजव्या बाजूला नसेल तर प्रत उलटी आहे. पुढच्या लाद्या निळ्या-पांढऱ्या दिसत असतील तर कुणीतरी रंग ‘थंड’ केलेत: मूळचा मळकट पिवळा हाच तर एल्बचा पुरावा. 1312 पिक्सेल रुंदीच्या प्रतीत एक पिक्सेल मूळ चित्रातल्या जवळपास एक मिलिमीटरएवढा पडतो. तेव्हा एवढ्याशा प्रतीत जहाजावरची अक्षरं वाचल्याचा दावा कुणी केला तर हसून सोडून द्यावं. मथळ्यात ‘होफनुंग’ किंवा ‘होप’ असेल तर बाकीची माहितीही पुन्हा तपासावी, कारण लिहिणाऱ्याने जुन्या पुस्तकातून उतरवलंय.

आणि समजा उद्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर बर्फात फुटलेलं जहाज रंगवलेला कॅनव्हास सापडला, तर पाहायचं ते असं. मागच्या लाकडी चौकटीवर क्वांटच्या संग्रहाची काही खूण. बर्फापलीकडे ग्रीनलंडचा किनारा, म्हणजे जमीन, हॅम्बर्गच्या चित्रासारखा सपाट गोठलेला समुद्र नव्हे. प्रकाश मे महिन्याचा. आणि जहाजाच्या लाकडावर, बारीक अक्षरांत, होफनुंग.